पिलाचं अंग तापलंय? आधी थर्मामीटर, मग सुई

डुकराच्या पिलाच्या पाठीवर हात ठेवला की ते गरमच लागतं. निरोगी पिलाचं तापमान मुळातच १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असतं. माणसाला एवढा ताप चढला तर तो अंथरूण धरतो. उलट ताप चढायला लागतो तेव्हा पिलाचे कान आणि पाय सुरुवातीला चक्क गार लागतात. म्हणजे हाताने अंदाज घेणाऱ्याची दोन्हीकडून फसगत. धडधाकट पिलाला फुकटची सुई बसते आणि ज्याला खरी गरज आहे ते ‘गारच तर आहे’ म्हणून मागे राहतं.

कराड, मिरज, विटा, जत, कुठेही जा, लहान वराहपालकाच्या शेडमध्ये औषधाच्या चार अर्धवट बाटल्या सापडतात, थर्मामीटर सापडत नाही. मेडिकलमध्ये शे-दोनशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर त्या चारही बाटल्यांपेक्षा जास्त कामाचा आहे. ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. न मोजताच इंजेक्शन देऊन ती खूण पुसली, की संध्याकाळी आलेल्या डॉक्टरांना थर्मामीटरवर १०२.५ दिसतं आणि सकाळी काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून नियम एकच: आधी आकडा, तो वहीत, मगच औषध.

आकडा कसा वाचायचा

दूध पिणाऱ्या आणि नुकतंच दूध तोडलेल्या पिलाचं तापमान साधारण १०२.५ (३९.२ सेल्सिअस) असतं, अर्धा अंश इकडे-तिकडे. चाळीस-पन्नास किलोच्या वाढत्या जनावरात ते १०२ च्या आसपास येतं, मोठ्या मादीत त्याहून थोडं कमी. मादी व्याल्यावर पहिले एक-दोन दिवस तिचं १०३ पर्यंत गेलेलं असतं, त्याला आजार समजू नये.

पिलू शांत असताना १०३.५ आलं तर लक्ष ठेवा आणि तासाभराने पुन्हा मोजा. १०४ (४० सेल्सिअस) किंवा वर म्हणजे ताप. १०५ च्या पुढे गेलं तर डॉक्टरांना फोन आजच, उद्यावर ढकलायचा नाही. एकाच वेळी तीन-चार जनावरांत १०५–१०६ दिसू लागलं तर प्रकरण एका पिलाचं राहिलेलं नाही; त्याबद्दल पुढे येईलच. १०७.६ म्हणजे ४२ सेल्सिअस. इथे तासांचा हिशोब असतो. आणि दुसऱ्या टोकाला, १०० च्या खाली आलेलं पिलूही तितकंच धोक्यात असतं. किंबहुना पहिल्या आठवड्यात तापाने कमी आणि गारठ्याने जास्त पिलं जातात.

माप घेताना काय बिघडतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पळवून, कोपऱ्यात दाबून, किंचाळणाऱ्या पिलाला थर्मामीटर लावणं. धावपळीनेच अंश-दीड अंश चढतो. छोटं पिलू झोपेतून अलगद उचला, कुशीत धरा, लगेच मोजा. मोठ्या पिलाला गव्हाणीवर खात असताना मागून गाठा. जे खातच नाही त्याला फळीने कोपऱ्यात वेगळं करा, अर्धा तास शांत पडू द्या आणि मग मोजा.

थर्मामीटरच्या मागच्या टोकाला दोरा बांधा आणि दोऱ्याला कपडे वाळत घालायचा चिमटा. तो चिमटा शेपटीला लावला की थर्मामीटर निसटून तुसात हरवत नाही आणि आतही जात नाही. टोकाला व्हॅसलीन नाहीतर खोबरेल लावा. दूधपित्या पिलाला दोन-अडीच सेंटिमीटर, दूध तोडलेल्याला चार-पाच सेंटिमीटर आत सरकवा आणि किंचित तिरका करा, म्हणजे टोक आतड्याच्या भिंतीला टेकेल. सरळ घातला तर टोक विष्ठेत रुततं आणि आकडा कमी येतो. हगवणीने गुदद्वार सैल पडलेल्या पिलातही माप खऱ्यापेक्षा खालीच येतं, हे धरून चाला. बीप वाजेपर्यंत थांबा. पाऱ्याचा असेल तर आधी झटकून पारा खाली आणा आणि पुरी दोन मिनिटं ठेवा. नंतर गार पाण्याने व साबणाने धुऊन स्पिरिटचा बोळा फिरवा. गरम पाणी लागलं तर पाऱ्याचा थर्मामीटर फुटतो. हा थर्मामीटर घरातल्या माणसांना पुन्हा लावायचा नाही, हे सांगायला नको, पण सांगितलेलं बरं.

कोविडच्या काळात घेतलेली कपाळाला धरायची बंदूक बऱ्याच घरांत पडून आहे. ती कातडीचं तापमान दाखवते आणि कातडी ऊन, वारा, ओल यांप्रमाणे बदलते. वीस पिलांतलं वेगळं कोणतं हे हुडकायला ती चालेल, पण औषध द्यायचं का, हे तिच्या आकड्यावर ठरवू नका.

आजारी पिलासोबत त्याच खोलीतल्या दोन टवटवीत पिलांचंही माप घ्या, याचा फार उपयोग होतो. तिघांचंही १०३.८ आलं तर दोष बहुधा शेडच्या पत्र्याचा आहे. दोघांचं १०२.६ आणि एकाचंच १०५.२ असेल तर ते पिलू आजारी आहे.

ताप आणि ऊन यांतला फरक

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

रोगजंतू अंगात शिरले की मेंदू शरीराचं नेमलेलं तापमान स्वतःहून वर सरकवतो. समजा, १०२.५ वरून १०५ वर. आता १०२.५ असलेल्या शरीराला आपण गार पडलोय असं वाटू लागतं. मग ते कातडीकडचं रक्त आवरून घेतं (म्हणून कान गार), स्नायू थरथरवतं, केस उभे करतं. पिलू दुसऱ्याच्या अंगाखाली घुसतं, पाठीला पोक काढून उभं राहतं. हे सगळं गरमी वाढवण्यासाठी चाललेलं असतं. तापावरचं औषध तो नेमलेला आकडा खाली आणतं, मग शरीर आपणहून थंड व्हायला लागतं.

उन्हाच्या तडाख्यात नेमलेला आकडा जिथल्या तिथेच असतो. शरीर १०२.५ वर यायला धडपडत असतं, पण त्याला जमत नाही. डुकराला घामाच्या ग्रंथी असून नसल्यासारख्या. अंगातली गरमी बाहेर टाकायचं त्याचं साधन म्हणजे धाप आणि ओल. म्हणून असं पिलू घोळक्यापासून दूर, हातपाय पसरून, ओल्या जागी आडवं पडतं. तोंड उघडून धापा टाकतं, स्वच्छ पाणी नसेल तर स्वतःच्याच घाणीत लोळतं. विसावलेल्या पिलाचा श्वास मिनिटाला साधारण २५ ते ४० असतो, तो इथे ८०–१०० च्या पुढे जातो. कोठा वर-खाली होतो तो तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. अशा पिलाला तापाचं इंजेक्शन देऊन काही होत नाही, कारण ज्या आकड्यावर ते औषध काम करतं तो वर गेलेलाच नसतो.

दोन्हींचे उपायही एकमेकांच्या उलट आहेत. उन्हाने तापलेल्याला सावली, पंखा आणि मानेवर, कानांवर, पायांवर साध्या पाण्याची बारीक धार. बर्फाचं पाणी भसकन ओतू नका. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, गरमी आतच कोंडते आणि धक्क्याने पिलू दगावतंही. दर दहा मिनिटांनी मोजा आणि १०३.५ ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर नंतर ते खालीच घसरत जातं.

आणि ज्याला खरा ताप आहे, जे थरथरतंय, त्याला भिजवणं म्हणजे त्रासात भर घालणं. ते आणखी कुडकुडतं, आणखी ताकद जाळतं. त्याला हवा कोरडा बिछाना, अंगावर थेट न येणारी हवा आणि पाणी.

एप्रिल-मे महिन्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दोन्ही एकत्र येऊ शकतं. आजारी पिलू दुपारी १०६ दाखवतं, त्यातलं आजाराचं किती आणि पत्र्याचं किती, कळत नाही. उत्तर पहाटे मिळतं. सूर्य उगवायच्या आधी शेड गार असताना मोजा. तेव्हाही बाकीच्यांचं १०२.५ आणि याचं १०५ असेल, तर ऊन हे कारण नाही.

गारठलेलं पिलू

नवजात पिलाच्या अंगावर ना दाट केस, ना कातडीखाली चरबी. जन्मल्यावर अर्ध्या तासातच त्याचं तापमान तीनेक अंश फॅरनहाइटने उतरतं आणि चीक पोटात गेला, ऊब मिळाली, तरच एक-दोन दिवसांत पूर्ववत होतं. त्याला ३२ ते ३४ सेल्सिअस ऊब लागते, आईला मात्र २० च्या आसपास बरं वाटतं. म्हणून दोघांना एकच तापमान देऊन चालत नाही. पिलांना कोपऱ्यात वेगळी उबदार पेटी हवीच. पाटण-जावळीच्या पावसाळी ओलीत आणि माणदेशातल्या डिसेंबरच्या रात्रीत ही पेटी नसेल तर पिलं मलूल होतात, थरथरतात, आईच्या पोटाखाली शिरून चेंगरतात. दिसायला आजारी, पण थर्मामीटरवर ९७–९८. त्यांना तापाचं औषध दिलं तर वाट लागते.

अशा पिलाला आधी ऊब द्या, दूध त्यानंतर. कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावा. तापमान शंभराच्या वर आलं आणि पिलू चोखायला लागलं की आईचा पिळलेला चीक किंवा गुळाचं कोमट पाणी थोडं-थोडं पाजा. गार, अर्धमेल्या पिलाच्या तोंडात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

बल्ब लावणार असाल तर उसाच्या पाचटावर लोंबकळता ठेवू नका. कराड, वाळवा, पलूस भागात बिछान्याला पाचट फुकट मिळतं आणि ते चांगलंही आहे, पण बल्बच्या गरमीने पेटायला वेळ लागत नाही. बल्बला जाळी, वायरऐवजी साखळीचा आधार, आणि खाली तूस.

वेतातली सगळीच पिलं किरकिरी, भुकेली, पोटं खपाटीला गेलेली दिसली तर थर्मामीटर आईला लावा. व्याल्यावर दोन-तीन दिवसांत कास दगडासारखी कडक, मादी पोटावर पडून कास लपवतेय आणि ताप १०४ च्या पुढे, म्हणजे कासदाह किंवा गर्भाशयाचा संसर्ग. इथे इलाज आईचा, आणि तोवर पिलांना बाहेरचं दूध.

ताप आहे, पण कशाचा?

पक्कं निदान डॉक्टरांचं काम. पण वय, किती जनावरांना झालंय आणि आकड्यासोबत आणखी काय दिसतंय, या तीन गोष्टी नीट सांगता आल्या तर अर्धं निदान फोनवरच होतं.

पहिल्या तीन आठवड्यांत एखाद-दुसऱ्या पिलाला १०४–१०५ ताप, गुडघा किंवा घोटा सुजलेला, लंगडणं, नाळेची जागा जाड झालेली, हा बहुधा नाळेतून किंवा खरचटलेल्या गुडघ्यातून शिरलेला संसर्ग. खरबरीत सिमेंटची जमीन याचं मोठं कारण आहे. जन्मल्याबरोबर नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवली असती तर यातलं बरंचसं टळलं असतं.

दोन ते दहा आठवड्यांच्या पिलात ताप, आणि काही तासांतच तोल जाणं, डोळे तिरळे फिरणं, आडवं पडून सायकल मारल्यासारखे पाय हलवणं ही स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जंतूने मेंदूच्या आवरणाला आणलेली सूज असू शकते. यात वेळ हेच औषध आहे. पाय हलवायला लागायच्या आधी पेनिसिलीन गटातलं औषध मिळालं तर पिलू वाचतं. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर सहसा नाही. हा जंतू माणसालाही होतो आणि त्यात कायमचं बहिरेपण येऊ शकतं. हाताला चीर असेल तर हातमोजे घालूनच अशा पिलाला हात लावा.

दूध तोडल्यानंतरचे पंधरा-वीस दिवस सगळ्यात नाजूक. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण ओसरत असतं, स्वतःचं अजून तयार झालेलं नसतं, वर खाद्य बदललं, खोली बदलली, सोबती बदलले. सांधे सुजून, पोटाने श्वास घेत, खोकत १०५ च्या पुढे जाणारी पिलं ग्लेसर या जंतुरोगाची असू शकतात. पिवळी, दुर्गंधी हगवण आणि तापाबरोबर कानांची टोकं जांभळी म्हणजे साल्मोनेला जंतूचा संसर्ग. घशाखाली सूज आणि घरघर आली तर घटसर्प डोक्यात ठेवा. तो फक्त म्हशींचा रोग नाही.

तीन महिन्यांच्या पुढच्या जनावरात अचानक १०६–१०७ ताप, ताठर चाल आणि कातडीवर हाताला जाणवणारे शंकरपाळ्याच्या आकाराचे लाल चट्टे दिसले तर तो इरिसिपेलस हा जंतुरोग. गडद कातडीच्या गावरान जनावरात चट्टे दिसत नाहीत, तळहात फिरवून चाचपावे लागतात. इतक्या भीतिदायक आकड्याचा हा रोग पेनिसिलीनने एक-दीड दिवसात उतरतो, म्हणून ओळखता आला तर फायदाच. नाकाडावर आणि खुरांच्या कडेला फोड, लंगडणं असेल तर लाळ्या-खुरकूत. दूधपिती पिलं यात फोड न येताच हृदय बंद पडून पटापट मरतात. शेडमधली सगळीच एका दिवसात खोकायला लागली आणि आठवड्यात सावरली तर फ्लू. कृष्णेकाठी २०१९ आणि २०२१ सारखा पूर येऊन गेल्यावर ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) शंका डॉक्टरांना बोलून दाखवा. तोही माणसाला होतो.

काही वेळा पिलू झटके देतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, आंधळ्यासारखं फिरतं आणि थर्मामीटरवर मात्र १०२.५. अशा वेळी पहिला प्रश्न पाण्याचा. निपल (चोखून पाणी प्यायची तोटी) चोंदलं होतं का? मोटर बंद होती का? हॉटेलच्या खरकट्यात लोणचं, पापड, खारट रस्सा होता का? पाणी तुटलं की मीठ मेंदूवर चढतं. आणि लगेच भरपूर पाणी दिलं तर मेंदूला सूज येऊन पिलू आणखी बिघडतं. सुरुवातीला दर अर्ध्या तासाने थोडं-थोडंच. दूध तोडल्यावर आठ-पंधरा दिवसांत सगळ्यात गुबगुबीत पिलाच्या पापण्या सुजल्या, ते लडबडू लागलं आणि ताप नाही, तर सूज रोग. या दोन्हीत तापाच्या औषधाचा काहीएक संबंध नाही.

पहिल्या दोन तासांत

आजारी पिलू वेगळं काढा, पण जमल्यास दिसेल-ऐकू येईल इतक्या अंतरावर. एकटं पडलेलं पिलू आणखी खचतं. वेगळ्या खोलीची बादली, झाडू आणि चपला वेगळ्या. कामाचा क्रम आधी निरोगी, शेवटी आजारी; उलटा क्रम म्हणजे रोगाला आपण स्वतः खांद्यावरून पोचवणं.

मग पाणी. दहा किलोच्या पिलाला दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी लागतं, तापात जास्त, आणि तापलेलं पिलू उठून निपलपर्यंत जात नाही. उथळ, जड भांड्यात पाणी तोंडाजवळ ठेवा. निपल तपासायचं असेल तर एक मिनिट दाबून मापात धरा: दूध तोडलेल्या पिलांना मिनिटाला अर्धा लिटर यायला हवं. हगवण असेल तर माणसांच्या ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा, कमी पाण्यात नाही. ते नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कालवलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. सिरिंजने तोंडात मारण्यापेक्षा भांड्यातून पिऊ द्या. जबरदस्तीने पाजलं तर ठसका लागतो.

खाद्याची सक्ती नको. खाद्य ओलसर करून थोडं-थोडं द्या, उरलेलं दोन-तीन तासांनी उचला. उन्हाळ्यात आंबायला वेळ लागत नाही.

दर चार तासांनी तापमान, श्वास, पाणी प्यालं का, लघवी-संडास, एवढं वहीत उतरवा. मोबाइलवर चालीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांसमोर पिलू घाबरून नीट चालतं, हा नेहमीचा अनुभव.

औषधाचा हिशोब

तापासाठी डुकरांत सर्रास वापरलं जाणारं औषध म्हणजे मेलॉक्सिकॅम. मात्रा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम. बाटलीवर एका मिलीत ५ मिलिग्रॅम असं लिहिलं असेल तर २५ किलोला २ मिली आणि १० किलोला ०.८ मिली पडतं. दिवसातून एकदाच, गरज लागल्यास चोवीस तासांनी पुन्हा. वेगळ्या ताकदीच्या बाटल्याही मिळतात, म्हणून मिलीचा आकडा पाठ करण्यापेक्षा लेबल वाचून गुणाकार करा. वजन डोळ्याने ठरवू नका. पिलू गोणीत घालून ताणकाट्याला अडकवा, झालं. सुकलेल्या, पाणी न प्यालेल्या पिलाला हे औषध मूत्रपिंडाला बाधतं, म्हणून आधी पाणी. आणि १०३.८ ला ते द्यायची घाई नको. थोडा ताप शरीराच्या उपयोगाचा असतो.

डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. एसेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये आली. मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की या औषधांनी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. दुकानदाराने ‘माणसाचं आहे, चालतंय’ म्हणून पुढे केलं तरी घेऊ नका.

अँटिबायोटिक कोणतं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तुमच्या हातात तीन गोष्टी: मात्रा वजनावर, दिवस पूर्ण (सहसा तीन ते पाच), आणि ४८ तासांनी तापमानाचा हिशोब. दोन दिवसांत आकडा हलला नाही तर औषध चुकलंय किंवा रोग विषाणूचा आहे. तेच पुढे ओढत बसू नका, पुन्हा फोन करा. ताप उतरला म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद केलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी तो परत येतो आणि आधीपेक्षा चिवट असतो. हगवणीसाठी पूर्वी सर्रास मिळणाऱ्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर माणसाच्या अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत २०१९ पासून बंदी आहे.

सुई मानेत, कानाच्या मागे. मागच्या मांडीत टोचली तर नस दुखावून पिलू लंगडतं आणि मांस खराब होतं. दूधपित्या पिलाला २० किंवा २१ गेजची अर्ध्या इंचाची, दूध तोडलेल्याला १८–२० गेजची पाऊण-एक इंचाची. एक सुई सगळ्या वेताला वापरणं म्हणजे रोग वाटत फिरणं. लस दिल्यावर एक-दोन दिवस अर्धा-एक अंश चढलेलं असतं, पिलू खात-पीत असेल तर त्याला हात लावू नका.

जेव्हा प्रकरण एका पिलाचं नसतं

वेगवेगळ्या वयाची जनावरं चार-सहा दिवसांत एकामागोमाग १०५–१०७ ने तापली, एकमेकांवर ढीग करून पडली, डोळे चिकटले, आधी बद्धकोष्ठ मग हगवण, मागचे पाय लटपटले, कान-पोट-मांड्या जांभळ्या पडल्या आणि अँटिबायोटिकला दाद नाही, तर शंका दोन रोगांची: क्लासिकल स्वाइन फीव्हर आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर. डोळ्यांनी हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, प्रयोगशाळाच सांगते. पहिल्याची लस आहे आणि ती सरकारी दवाखान्यामार्फत मिळते. दुसऱ्याची आपल्याकडे वापरात लस नाही, आणि या दोन्हींपैकी कोणत्याच रोगावर उपचार नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आढळला. दोन्ही रोग माणसाला होत नाहीत, पण शेड रिकामं करतात.

शंका आली की त्याच दिवशी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा किंवा जनावरांच्या मदतीसाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याप्रमाणे कळवणं ही मालकाची जबाबदारीच आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही सल्ला घेता येतो. नमुने पोचेपर्यंत एकही जनावर, मांस, खत, पिंजरा बाहेर जाऊ देऊ नका. ‘मरायच्या आधी विकून मोकळं व्हावं’ हा विचार मनात येतोच, आणि रोग एका गावातून दुसऱ्या गावात पोचतो तो नेमका अशाच विक्रीतून. मेलेलं जनावर ओढ्यात, कॅनॉलला, नदीला सोडायचं नाही. सहा फूट खोल खड्डा, वर चुना, पाण्यापासून लांब, आणि कुत्री उकरणार नाहीत अशी वर माती. खड्डा कुठे, ते अधिकाऱ्यांना विचारून.

शेड धुताना आधी घाण खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन काढा. चिखलावर जंतुनाशक ओतणं म्हणजे पैसे गटारात. त्यानंतर कॉस्टिक सोडा, लिटरला २० ग्रॅम. कातडी आणि डोळे जळतात, म्हणून हातमोजे, बूट, चष्मा.

स्वाइन फीव्हरचा विषाणू बऱ्याचदा घरात येतो तो खरकट्यातून. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या ढाब्यांचं उरलेलं अन्न सातारा ते पेठनाका सगळीकडे डुकरांना घातलं जातं, आणि त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. खरकटं द्यायचंच असेल तर पातेलं सारखं ढवळत, खदखदा उकळी फुटल्यापासून तासभर उकळा. नुसतं कोमट करून भागत नाही. कच्चं आणि उकळलेलं यांच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा. दोन्हींना एकच बादली वापरली तर केलेली मेहनत पाण्यात जाते.

बरं झालेल्या पिलाला परत सोडताना

तापाचं औषध बंद करून दोन दिवस उलटले, दोन्ही दिवस पहाटेचा आकडा १०३ च्या आत आला आणि पिलू स्वतःहून गव्हाणीवर येऊ लागलं, म्हणजे परत सोडायला हरकत नाही. स्वाइन फीव्हरची शंका असलेलं मात्र अहवाल येईपर्यंत सोडायचं नाही. संध्याकाळी, खाद्य टाकल्यावर सोडा. भरल्या पोटी मारामारी कमी होते. आठवडाभर वेगळं राहिलेल्याला जुने सोबतीही परकं समजून चावतात, म्हणून पहिला तास तिथेच थांबा.

वहीत शेवटची नोंद औषधाच्या शेवटच्या सुईची तारीख. प्रत्येक बाटलीवर मांसासाठी थांबायचे दिवस छापलेले असतात. ते त्या तारखेपासून मोजायचे आणि त्याआधी जनावर कापायला द्यायचं नाही. लेबल फाटलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून दिवस वहीतच लिहून घ्या, आणि त्या जनावराच्या कानाला किंवा पाठीला खुणेचा रंग लावा. महिनाभराने व्यापारी दारात उभा राहतो तेव्हा वीसातलं ते कोणतं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.